कुटारातली बुरशी आणि पेशीतली पोथी

पावसाळ्यात कारंजा लाडच्या कोणत्याही शिवारात भिजलेल्या कुटाराची गंजी उकरून पाहावी. आतल्या थरात काड्यांवर काळपट-हिरवे, मोहरीपेक्षा बरेच लहान ठिपके बसलेले दिसतात. भिंगाखाली धरले की त्या प्रत्येक ठिपक्याला केस फुटलेले असतात. ही किटोमियम नावाची बुरशी. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गुस्टाव्ह कुंत्से यांनी १८१७ मध्ये तिच्या प्रजातीचे वर्णन केले. तिचे अन्न एकच म्हणता येईल, ते म्हणजे सेल्युलोज. काडी, शेण, पऱ्हाटी, कापूस, कागद, जिथे सेल्युलोज आणि ओल असेल तिथे ती पोचते. कापडाला बुरशीरोधक लेप दिला, तर तो किती टिकतो हे तपासायला कापड-प्रयोगशाळा हिलाच त्यावर सोडतात. ग्रंथालयांत दमट भिंतीला टेकलेल्या पुस्तकांवर येणाऱ्या डागांमध्येही ती सापडते.

कापसाच्या आणि कागदाच्या शत्रूची ओळख कारंजातून करून देण्याला कारण आहे. हे गाव कापसाच्या बाजारपेठेचे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची ‘शकुंतला’ रेल्वे इथून गेली ती वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी. हेच गाव हस्तलिखितांचेही. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर परंपरांच्या इथल्या मंदिरांनी शतकानुशतके पोथ्या जपल्या. १९३० च्या दशकात प्रा. हिरालाल जैन यांनी इथल्या भांडारांतील पोथ्यांच्या आधारे अपभ्रंश भाषेतील काव्ये संपादित करून छापली, तेव्हा भारतीय भाषांच्या इतिहासातला एक हरवलेला दुवा अभ्यासकांच्या हाती आला. कोरडी जागा, घट्ट गुंडाळलेले वेष्टन आणि अधूनमधून दिलेले ऊन, एवढ्या साधनांवर त्या पोथ्या किटोमियमसारख्या बुरशींपासून वाचल्या.

या बुरशीच्या एका जातीने मात्र विज्ञानाला वेगळ्याच प्रकारची पोथी उघडायला मदत केली. तिने तयार केलेल्या ‘किटोसिन’ या रसायनाची गोष्ट पेशीच्या केंद्रकापर्यंत जाते. आधी गाजावाजा, मग शंका आणि शेवटी सावध वापर असा तिचा प्रवास आहे.

विष कशासाठी?

उकिरड्यावर जागा थोडी आणि खाणारे फार. जीवाणू, इतर बुरश्या, कृमी, माइट सगळे त्याच काडीवर टपलेले असतात. बुरशीला पळता येत नाही, त्यामुळे ती रसायनांनी लढते. पेनिसिलिन हे अशाच लढाईतले हत्यार होते. किटोमियमकडेही अशी हत्यारे आहेत, हे लवकर लक्षात आले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी नोबेल मिळवणाऱ्या सेल्मन वाक्समन यांनी एलिझाबेथ ब्युगी यांच्यासह १९४४ मध्ये किटोमियमच्या एका जातीतून ‘किटोमिन’ हे प्रतिजैविक वेगळे केले. जीवाणूंना ते मारत असे. औषध म्हणून मात्र ते पुढे गेले नाही.

त्यानंतर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सँडोझ या औषधकंपनीने बुरशींची पद्धतशीर छाननी सुरू केली. कंपनीचे कर्मचारी सुटीवर किंवा कामासाठी परदेशी गेले, की मातीचे नमुने पिशवीत घालून आणत. नॉर्वेच्या हार्डंगरव्हिडा पठारावरून १९६९ मध्ये आलेल्या अशाच मातीतल्या बुरशीने पुढे सायक्लोस्पोरिन दिले आणि मूत्रपिंड-यकृताच्या प्रत्यारोपणाचे चित्रच पालटले. याच कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ‘किटोमियम मिन्युटम’ या जातीतून किटोसिन वेगळे काढले आणि त्याची रचना प्रसिद्ध केली. सायक्लोस्पोरिनला कीर्ती मिळाली, किटोसिन मात्र पस्तीस वर्षे रसायनशास्त्राच्या सूचींत पडून राहिले.

त्याची रचना विलक्षण आहे. एकमेकांना पाठ लावून जोडलेले दोन सारखे अर्धे भाग, आणि प्रत्येक भागात गंधकाच्या दोन अणूंनी बांधलेला एक छोटा पूल. एका रेणूत गंधकाचे चार अणू. हे दोन पूल लक्षात ठेवायचे, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्यावरच झाला.

गंधकाचा असा पूल असणारी रसायने बुरशींच्या जगात बरीच आहेत. त्यांतले सर्वांत परिचित म्हणजे ग्लिओटॉक्सिन. वऱ्हाडातला शेतकरी हरभरा-तुरीच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतो. त्या ट्रायकोडर्माच्या व्हिरेन्स या जातीचे काही वाण ग्लिओटॉक्सिन तयार करतात आणि मुळांवर येणाऱ्या रोगकारक बुरशींना त्याने नामोहरम करतात. स्वतःच्याच विषाने बुरशी मरत नाही, कारण तिच्याकडे विषाचा पूल मिटलेला ठेवणारे विकर (एन्झाइम) असते आणि विष पेशीबाहेर फेकणारी यंत्रणाही असते. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीत ही दोन्ही साधने संशोधकांनी तपशीलवार उलगडली आहेत.

पेशीतली पोथी

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळजवळ दोन मीटर भरेल. केंद्रकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. एवढा लांब धागा एवढ्याशा जागेत मावतो तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांमुळे. आठ हिस्टोनांच्या एका गोळ्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ अक्षरजोड्यांचा पट्टा पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळलेला असतो, आणि असे कोट्यवधी गोळे माळेसारखे एकामागून एक.

यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत हा मजकूर अक्षरशः सारखाच असतो. तरीही यकृताची पेशी पित्त बनवते आणि डोळ्याची पेशी प्रकाश ओळखते. पोथीभांडारासारखेच हे आहे: ग्रंथ सगळे तिथेच, पण काही वेष्टन सोडून चौरंगावर ठेवलेले आणि काही लाल फडक्यात घट्ट बांधून कपाटाच्या तळाशी. वाचले जाते ते उघडलेले. कोणते जनुक सैल ठेवायचे आणि कोणते आवळून बांधायचे याच्या खुणा हिस्टोनांच्या शेपट्यांवर रासायनिक गटांच्या रूपात असतात. या खुणांचा, त्या करणाऱ्या आणि पुसणाऱ्या विकरांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये ही संज्ञा दिली. तेव्हा डीएनएची रचनाही कुणाला ठाऊक नव्हती.

दोन खुणा सर्वांत महत्त्वाच्या. हिस्टोनावर अ‍ॅसिटिल गट बसला की बांधणी सैल होते आणि जनुक बोलू लागते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच हे सुचवले होते. दुसरी खूण मिथिल गटाची. ती कुठे बसते यावर तिचा अर्थ ठरतो. तिसऱ्या क्रमांकाच्या हिस्टोनावरील, म्हणजे एच३वरील, नवव्या स्थानावरच्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन मिथिल गट बसले, तर तिथला भाग आवळला जातो आणि जनुके गप्प होतात.

ठिपक्यांचे डोळे

हे आवळणारे विकर सापडले ते एका माशीमुळे. फळमाशीचे डोळे लाल असतात. १९३० मध्ये अमेरिकेत हर्मन म्यूलर यांनी क्ष-किरणांचा मारा केलेल्या माश्यांमध्ये लाल-पांढरे ठिपके असलेले डोळे पाहिले. लाल रंगाचे जनुक शाबूत होते, पण गुणसूत्राची मोडतोड होऊन ते आवळलेल्या भागाशेजारी जाऊन पडले होते. काही पेशींत आवळण त्याच्यापर्यंत पसरली, काहींत नाही. म्हणून डोळा ठिपकेदार. अक्षर न बदलता जनुक गप्प होऊ शकते, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

मग संशोधकांनी उलटी वाट धरली. आणखी कोणती जनुके बिघडवली की डोळा पुन्हा पूर्ण लाल होतो? जर्मनीतील हाले येथे गुंटर रॉयटर यांच्या गटाने अशी अनेक जनुके शोधली. त्यांतल्या एकाचे नाव पडले ‘एसयू(व्हीएआर)३-९’. ते बिघडले की आवळण पसरत नाही. माणसातही त्याचे भाऊबंद सापडले आणि २००० मध्ये व्हिएन्नात थॉमस येनुवाइन यांच्या चमूने दाखवून दिले की हे प्रथिन म्हणजे एक विकर आहे आणि ते एच३च्या नवव्या स्थानावरच्या लायसिनवर मिथिल गट बसवते. हिस्टोनातल्या लायसिनवर ही खूण करणारे हे पहिले ओळखले गेलेले विकर.

विकर सापडले. आता ते हवे तेव्हा थांबवता येईल का? जनुक काढून टाकणे हा एक मार्ग, पण त्यात वेळ जातो आणि प्राणी कधीकधी जन्मालाच येत नाही. रासायनिक रोधक असेल, तर पेशी नीट वाढवायची, सोमवारी सकाळी थेंब टाकायचा, मंगळवारी परिणाम पाहायचा आणि रसायन धुऊन टाकून खुणा परत येतात का तेही तपासायचे. मात्रा कमी-जास्त करता येते. म्हणून प्रयोगशाळांना रोधक हवे असतात.

म्युनिकच्या अ‍ॅक्सल इमहॉफ यांच्या प्रयोगशाळेने माशीचे हे विकर जीवाणूंकडून तयार करवून घेतले आणि जवळपास तीन हजार रसायनांची त्यावर चाचणी केली. त्यांतून किटोसिन पुढे आले. २००५ मध्ये ‘नेचर केमिकल बायॉलॉजी’त ही बातमी छापून आली, ती ‘विशिष्ट रोधक’ म्हणूनच. मानवी विकराची अर्धी क्रिया थांबवायला त्याची ०.८ मायक्रोमोलर एवढी मात्रा पुरली. लायसिनवर मिथिल खुणा करणाऱ्या विकरांना अडवणारे असे हे पहिलेच रसायन. पस्तीस वर्षे धूळ खात पडलेली कुपी एकदम मागणीची झाली.

पुढच्या काही वर्षांत तिचे उपयोग झपाट्याने वाढले. एचआयव्हीचा विषाणू पेशीच्या डीएनएत शिरून आवळलेल्या अवस्थेत निजून राहतो आणि औषधांना दाद देत नाही. २०११ मध्ये किटोसिनने असा निजलेला विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींत जागा झाल्याचे प्रसिद्ध झाले. रक्ताच्या कर्करोगांत गप्प पडलेली, पेशींना वाढीपासून रोखणारी जनुके त्याने पुन्हा बोलती होतात का, याचेही प्रयोग झाले. अनेक लेखांत युक्तिवादाचा सांगाडा एकच होता: किटोसिन दिले, परिणाम दिसला, म्हणजे त्या परिणामामागे ते एक विकर.

पुलांवरची शंका

इथे गोष्टीला वळण लागले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या गटाने २००७ मध्ये मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या पेशी किटोसिनने मरतात असे दाखवले, पण कारण म्हणून त्यांनी बोट ठेवले ते पेशीत वाढलेल्या ऑक्सिडीकरणाच्या ताणावर. दोन वर्षांनी त्याच गटाने थायोरेडॉक्सिन रिडक्टेज या अगदी वेगळ्या विकराला किटोसिन अडवते असे सिद्ध केले. हे विकर पेशीला गंजण्यापासून वाचवणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. हिस्टोनांशी त्याचे काम थेट जोडलेले नाही.

याच सुमारास जपानमध्ये मिकिको सोदेओका यांच्या चमूने किटोसिन प्रयोगशाळेत पायरीपायरीने घडवले. २०१० मध्ये आलेल्या या कामात त्यांनी गंधक नसलेले भाईबंदही बनवून पाहिले. पूल काढले की रोधकाचे सामर्थ्यही गेले.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील रसायनशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये या सगळ्याचा जाहीर हिशेब मांडला, तोही ज्या नियतकालिकात आठ वर्षांपूर्वी मूळ दावा आला होता त्यातच. लेखाच्या शीर्षकातच निष्कर्ष होता: किटोसिन हे हिस्टोन-लायसिन विकरांचे अविशिष्ट रोधक आहे. गंधकाचा पूल प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी रासायनिक बंध करतो आणि सिस्टीन कैक प्रथिनांत असते. जिथे सोयीचे सिस्टीन, तिथे किटोसिन अडकते. याच कुळातली रसायने काही प्रथिनांतून जस्ताचा अणू उखडून काढतात हेही २००९ मध्ये दिसून आले होते. मिथिल खुणा करणाऱ्या अनेक विकरांच्या रचनेला जस्ताचाच आधार असतो.

किटोसिन त्या विकराला अडवत नाही, असा याचा अर्थ नव्हे. ते अडवते, पण त्याच वेळी आणखी बऱ्याच ठिकाणी घाव घालते. त्यामुळे पेशी मेली किंवा जनुक जागे झाले, तर नेमके कोणत्या घावाने ते किटोसिनवरून ठरवता येत नाही. बुरशीच्या बाजूने पाहिले तर यात नवल काहीच नाही. उकिरड्यावरच्या लढाईत शत्रूचे एकच विकर निवडून थांबवण्याची तिला गरज नव्हती. जितके जास्त बिघडेल तितके बरे.

या अनुभवातून प्रयोगशाळांची शिस्त कडक झाली. आता चांगल्या रोधकासोबत त्याचा जवळजवळ सारखा दिसणारा पण निष्क्रिय जोडीदार ठेवतात. परिणाम रोधकाने व्हावा आणि जोडीदाराने होऊ नये, तरच तो खरा. २०११ मध्ये आलेला ‘यूएनसी०६३८’ हा जी९ए या शेजारच्या विकराचा रोधक अशा जोडीनेच वापरला जातो. शिवाय जनुक बंद करून तोच परिणाम मिळतो का हेही ताडून पाहतात. किटोसिन आजही विकले जाते आणि वापरलेही जाते, पण जाणकार परीक्षक केवळ त्याच्या भरवशावरचा निष्कर्ष पुढे जाऊ देत नाही.

ज्या बुरशींनी नेम साधला

बुरशीजन्य रोधक सगळेच असा आंधळा मारा करणारे नसतात. हेलिकोमा अ‍ॅम्बिएन्स या बुरशीतून जपानी संशोधकांनी काढलेले ट्रॅपॉक्सिन हे त्याचे उत्तम उदाहरण. मिनोरू योशिदा यांनी १९९३ मध्ये दाखवले की ट्रॅपॉक्सिन अ‍ॅसिटिल खुणा पुसणाऱ्या विकराला कायमचे अडवते. गंमत म्हणजे ते विकर कोणते प्रथिन आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते! हार्वर्डच्या स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने मग ट्रॅपॉक्सिनलाच गळाला लावले. त्याच्या घडणीवर बेतलेला रेणू मण्यांवर चिकटवला, पेशींचा अर्क त्यावरून सोडला आणि जे प्रथिन अडकले ते ओळखले. १९९६ मध्ये सापडलेले हे प्रथिन म्हणजे एचडीएसी१, अ‍ॅसिटिल खूण पुसणारे पहिले ओळखले गेलेले विकर.

मक्याच्या पानावर ठिपके आणणारी एक बुरशीही हेच करते. तिचे ‘एचसी’ नावाचे विष यजमान झाडातल्या याच विकराला अडवते, हे १९९५ मध्ये कळले. त्याआधी १९९२ मध्ये गुरमुख जोहल आणि स्टीव्हन ब्रिग्ज यांनी मक्यातले ‘एचएम१’ जनुक वेगळे काढले होते. हे जनुक त्या विषाची रासायनिक मोडतोड करणारे विकर बनवते आणि झाड तगते. रोगप्रतिकाराचे वनस्पतींतले हे पहिले हाती आलेले जनुक.

फ्युसॅरियमची गोष्ट वऱ्हाडाला आणखी जवळची. कारंजा परिसरात तूर उभी सुकते, खोडाचा काप घेतला की आत तपकिरी रेघ दिसते. या ‘मर’ रोगामागची बुरशी फ्युसॅरियम उडम; बिहारमधील पुसा येथे ई. जे. बटलर यांनी १९१० मध्ये तिचे वर्णन केले. याच प्रजातीच्या दुसऱ्या जातीतून मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये ‘अ‍ॅपिसिडिन’ मिळवले. मलेरियाच्या परजीवीतले अ‍ॅसिटिल खुणा पुसणारे विकर ते थांबवते आणि उंदरांतल्या मलेरियावर ते गुणकारी ठरले. माणसासाठीचे औषध ते झाले नाही, कारण माणसाच्या पेशीतही तेच विकर असते. प्रयोगशाळेत मात्र त्याने जागा पटकावली.

या विकरांवरचे ज्ञान शेवटी दवाखान्यात पोचले. त्यांना रोखणारे व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका टी-पेशी लिम्फोमासाठी मंजूर झाले. ते बुरशीतून आलेले नाही, माणसाने रचलेले आहे. पण ते पेशीत नेमके काय करते हे समजण्यामागे ट्रॅपॉक्सिनसारख्या सूक्ष्मजीवांच्या रसायनांचा मोठा वाटा आहे.

पुणे, खारघर आणि सहा गावे

एपिजेनेटिक्स म्हणजे दूरदेशीची चैन, असे महाराष्ट्रात तरी म्हणता येणार नाही. पुण्यात संजीव गलांडे यांच्या गटाने आधी राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि मग आयसर संस्थेत एसएटीबी१ या प्रथिनावर काम केले. डीएनएला ठरावीक जागी धरून ठेवणारे हे प्रथिन शेकडो जनुकांचे नियंत्रण करते. २००६ मध्ये या गटाने दाखवले की या प्रथिनावर फॉस्फेट गट असेल, तर ते एचडीएसी१ला सोबत घेऊन जनुके गप्प करते आणि फॉस्फेट निघाला की अ‍ॅसिटिल बसवणाऱ्या विकराशी हातमिळवणी करून ती जागी करते. हार्वर्डमध्ये बुरशीच्या गळाला लागलेले विकर दहा वर्षांत पुण्याच्या प्रयोगाच्या केंद्रस्थानी आले होते. गलांडे यांना २०१० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

खारघरच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत संजय गुप्ता यांच्या प्रयोगशाळेने जठराच्या कर्करोगात हिस्टोनांवरच्या खुणा कशा बदलतात ते तपासले. अ‍ॅसिटिल खुणा पुसणारी विकरे आधी रोखली तर आवळलेला डीएनए सैल होतो आणि डीएनएला चिकटणारी केमोथेरपीची औषधे अधिक प्रमाणात तिथे पोचतात, अशी या कामामागची दिशा. औषधे नेहमीचीच, फक्त देण्याचा क्रम बदलायचा. म्हणून या कल्पनेचे व्यावहारिक मोल मोठे आहे.

तिसरे उदाहरण प्रयोगशाळेबाहेरचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये आसपासच्या सहा गावांतील मातांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. मुले लहान चणीची, पण तुलनेने चरबी अधिक असलेली जन्मतात आणि पुढे मधुमेहाकडे झुकतात, हे या अभ्यासातून पुढे आले. गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे अधिक दिसली. हा निष्कर्ष २००८ मध्ये छापला गेला. बी१२ आणि फोलेट यांच्या चक्रातूनच पेशीला मिथिल गट पुरवणारा रेणू तयार होतो. जे विकर किटोसिन अडवते, तेही मिथिल गट याच रेणूकडून घेते. शाकाहारी ताटात बी१२ कमी पडते, हा विषय म्हणून इथे केवळ आहारशास्त्राचा राहत नाही.

मातीचा हिशेब

बुरशींच्या बाबतीत महाराष्ट्राकडे आणखी एक ठेवा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भारताचा राष्ट्रीय बुरशी-संग्रह आहे. देशभरातून आलेल्या जिवंत बुरशी तिथे क्रमांक देऊन जतन केल्या जातात आणि संशोधकांना पुरवल्या जातात. तिथल्याच हर्बेरियमला वनस्पतिरोगतज्ज्ञ एस. एल. अजरेकर यांचे नाव आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रहही पुण्यातच आहे.

सँडोझच्या काळी परदेशी माती पिशवीत घालून नेणे सहज चालून जाई. आता तसे चालत नाही. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी व्यक्ती वा कंपनीला इथली जैवसंपदा नेण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते आणि लाभातला वाटा द्यावा लागतो. स्थानिक जैवविविधतेचे जतन आणि नोंद करण्यासाठी गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत. त्यांच्या नोंदवह्यांत झाडे, पक्षी आणि बियाण्यांचे वाण लिहिले जातात. बुरशीला तिथे क्वचितच जागा मिळते.

ही जागा कशी मिळेल हे सांगण्याआधी मात्र दोन गैरसमज दूर करायला हवेत. ‘एपिजेनेटिक’ हा शब्द छापून गोळ्या आणि चूर्णे विकणारे आता इंटरनेटवर भरपूर आहेत. हिस्टोनांवरच्या खुणा शरीरातल्या प्रत्येक प्रकारच्या पेशीत वेगळ्या असतात. किटोसिनसारखे प्रभावी रसायन पेशीत नेमके कुठे कुठे लागते हे उलगडायला अनुभवी प्रयोगशाळांना आठ वर्षे लागली, तिथे पुडीवरच्या दाव्याला किती किंमत द्यायची ते वाचकाने ठरवावे. दुसरे म्हणजे, बुरशीतून औषधे येतात म्हणून बुरसटलेले कुटार किंवा ढेप जनावरांपुढे टाकणे धोक्याचेच. तीच बुरशी विषेही बनवते. असा चारा बाजूला काढावा, हाताळताना नाकातोंडाला फडके बांधावे.

कारंजा, मंगरूळपीर, मानोरा या भागांतल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी शेणावर, काडीवर, बियाण्यावर बुरशी वाढवतात. वहीत आकृती काढून झाली की बश्या निर्जंतुक करून टाकून दिल्या जातात. शिक्षकांनी त्यांतले चांगले वेगळे काढलेले वाण गाव, तारीख आणि पिकाची नोंद करून पुण्याच्या राष्ट्रीय संग्रहाकडे पाठवावेत आणि आपल्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीतही लिहून ठेवावेत. १९७० मध्ये बाझलला कुणीतरी नीट नोंद ठेवली होती, म्हणूनच २००५ मध्ये किटोसिनची कुपी म्युनिकच्या टेबलावर येऊ शकली.